कुठलं बटण?

गुरुवारी भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता. जुना बुश-प्रेस त्यात चढवायचा, त्याच्या जागी नवा उभा करायचा आणि झालं गेलं विसरून कामाला लागायचं, असं वरून ठरलं होतं. झालं गेलं विसरा म्हणणाऱ्यांची बोटं दहाच्या दहा शाबूत असतात, हे मी आजवर पाहत आलोय.

मी आदिनाथ काळोखे, राहणार तळेगाव दाभाडे. नवलाख उंबऱ्यातल्या एका कारखान्यात देखभाल विभाग सांभाळतो. म्हणजे चालू असेल ते यंत्र उत्पादनवाल्यांचं आणि बंद पडेल ते माझं. तोंडाने फटकळ आहे म्हणून मला मीटिंगना फारसं बोलावत नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

प्रेस तसा लहानच. लोखंडी ब्रॅकेटच्या भोकात पितळी बुश दाबून बसवायचा, एवढंच त्याचं काम. हवेच्या जोरावर चालायचा. शेजारी एक जुनापुराणा कॉम्प्युटर. त्याच्या पडद्यावर ब्रॅकेटचं, आमच्या भाषेत तुकड्याचं, चित्र दिसायचं आणि त्याच्याच पोटातल्या एका कार्डावरून हवेचा व्हॉल्व्ह उघडायचा. दोन हिरवी बटणं एकदम दाबली की कॉम्प्युटर त्या कार्डाला सांगणार, कार्ड व्हॉल्व्हला, आणि प्रेस खाली. अट एकच, तुकडा जागेवर बसलेला हवा. बटणाची तार सरळ व्हॉल्व्हला न देता मधे कॉम्प्युटर घालायची अक्कल कुणाची, ते मला माहीत नाही. भेटला तर दोन शब्द बोलायचे आहेत.

या प्रेसवर दोघी जावा काम करायच्या. थोरली अनिता तुकडे लावायची, धाकटी राजेश्वरी बटणांपाशी. घर गावातच, कारखान्याच्या भिंतीपलीकडे. एका डब्यात दोघींची भाकरी यायची आणि भांडायच्या त्याही एकाच डब्यावरून. मग एका दुपारी अनिताचा हात आत असताना प्रेस खाली आला आणि तिच्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर गेलं.

चौकशी झाली. राजेश्वरीला विचारलं, "तू बटण दाबलंस का?" ती म्हणाली, "व्हय, दाबलं." झालं. मी बटणं खोलून पाहिली होती, तारा तपासल्या होत्या, सगळं ठणठणीत निघालं होतं. यंत्र ठणठणीत म्हणजे बाईचा दोष, असा निकाल लागला. राजेश्वरीला घरी बसवलं. प्रेसची हवा तोडून त्याला कुलूप लावलं. आणि अनिता धाकटीशी बोलायची थांबली ती थांबलीच. एका घरात दोघींचं पाणीसुद्धा वेगवेगळ्या हंड्यातून.

सोमवारी पायल ओव्हाळ आली. लोणावळ्याजवळच्या औंढ्याची मुलगी, वय अठ्ठावीस-तीस, जुन्या हायवेने स्कूटरवर. नवा प्रेस ज्यांनी बनवला त्यांच्यासाठी ती प्रोग्राम लिहिते. जुन्या कॉम्प्युटरमधली मापं नव्यात उतरवून घ्यायची, एवढंच तिचं काम होतं. आल्या आल्या म्हणाली, "भाऊ, शनिवार-रविवारी मला बोलावू नका. पुण्याची माणसं भजी खायला लोणावळ्यात येतात आणि मला माझ्याच घरातून बाहेर पडता येत नाही." मला बरं वाटलं. माझ्यापेक्षा फटकळ माणूस कारखान्यात क्वचित येतो.

जेवणाची सुट्टी झाली, यंत्रं थांबून शॉप शांत झालं, आणि नेमका त्याच वेळी जुना पडदा अडकला. हा त्याचा नेहमीचा रोग. पायलने माझ्याकडे पाहिलं.

"असं झालं की तुम्ही काय करता?"

"झटकतो," मी म्हणालो.

"काय झटकता?"

"पडदा." आणि मी दाखवलं. कीबोर्डवरची तीन बटणं एकदम दाबायची. पडदा काळा होतो, दोन घटका डोळे मिटतो आणि पुन्हा उठतो. कुणी कधी सुरू केलं देव जाणे, पण आमच्याकडे सगळेच पडदा झटकतात, अंथरूण झटकावं तसा. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

मी तीन बटणं दाबली. पडदा काळा झाला, आणि पायलची मान एकदम वळली.

"हे काय वाजलं?"

"कुठे?"

"टिक् झालं. त्या खोक्यात. परत झटका."

परत झटकला. या खेपेला मीही ऐकलं. कॉम्प्युटरच्या खोक्यातून, व्हॉल्व्ह चालवणारं कार्ड आहे तिथून, बारीकसं, टिक्. मोटारीचं बेअरिंग कधी जाणार ते मी आवाजावरून सांगतो, पण हा आवाज माझ्या कानावर कधी पडला नव्हता. शॉप चालू असताना पडलाही नसता.

"पडद्याचा आणि व्हॉल्व्हचा संबंध काय?" तिने विचारलं.

"काहीच नाही."

"मग व्हॉल्व्हचं कार्ड का जागं होतं?"

तेव्हा मी तिला अनिताचं बोट आणि राजेश्वरीची गोष्ट सांगितली. तिने पूर्ण ऐकून घेतली आणि एकच विचारलं.

"त्या राजेश्वरीताईंनी कुठलं बटण दाबलं होतं?"

मी "हिरवं" म्हणायला तोंड उघडलं, आणि तसाच राहिलो. हिरवं म्हणून राजेश्वरी कधी बोललीच नव्हती. आमच्याकडे दाबायच्या प्रत्येक गोष्टीला बटण म्हणतात. प्रेसचं ते बटण, दिव्याचं ते बटण आणि कीबोर्डवर आहेत तीही बटणंच.

आम्ही दोघं उठून राजेश्वरीच्या घरी गेलो. राजेश्वरी ओट्यावर तांदूळ निवडत होती. अनिता आत होती. आम्हाला पाहून दाराआड झाली, पण गेली नाही. मी विचारलं, "राजेश्वरी, त्या दिवशी कुठलं बटण दाबलंस?"

"कुटलं म्हंजी? पडदा अडाकलावता. म्या झटाकला. ती तीन बटणं दाबली."

"आणि हिरवी?"

"त्येला हातबी न्हाई लावला. अक्कांचा हात आत व्हता, हिरवं कशाला दाबीन?"

"अगं मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की! बटण दाबलं म्हनले. त्यांनी कुटं इचारलं कुटलं?" तिने सूप बाजूला ठेवलं. "आन् भाऊ, म्या दाबायला आन् प्रेस खाली यायला एकच गाठ पडली. आता बटण कुटलं का असंना, माज्या हातूनच झालं न्हवं?"

मला काय संताप आला म्हणून सांगू! अख्खी चौकशी समिती, चहा-बिस्किटं, दोन तास चर्चा, आणि एकाही शहाण्याला पुढचा शब्द विचारायचं सुचू नये. पण संतापाने राजेश्वरीचं काही भलं होणार नव्हतं. परत येताना पायल म्हणाली, "भाऊ, त्या म्हणतात ते अर्धं खरं आहे. त्यांनी दाबलं म्हणूनच झालं. पण का झालं, ते त्या कॉम्प्युटरच्या आत आहे. आणि तो गुरुवारी भंगारात चाललाय."

तसेच आम्ही प्लान्ट हेड प्रज्ञेशसाहेबांकडे गेलो; चौकशी त्यांनीच केली होती. माणूस वाईट नाही, आणि त्यांनी जे विचारलं ते मीही विचारलं असतं. "पडद्याचा प्रोग्राम चित्र काढतो. तो व्हॉल्व्हला हात कसा लावेल? नुसत्या एका टिक् आवाजावर, ज्या यंत्राने बोट खाल्लं त्याचं कुलूप मी काढणार नाही. आधी कारण दाखवा. कारण पटलं तर एकदा चालवून बघू. आणि टेम्पो मला थांबवता येणार नाही."

"मीही नसतं काढलं," पायल म्हणाली. "बुधवारी दुपारी दाखवते."

तिने माझ्याच खोलीत, ग्रीसच्या डब्यांशेजारी टेबल मांडलं. त्या जुन्या पडद्याच्या प्रोग्रामचं सगळं लिखाण जगासाठी खुलं आहे, कुणीही वाचावं, हे मला तिच्याकडूनच कळलं. तिने नेमकी त्याच जुन्या काळातली प्रत शोधून काढली आणि वाचत बसली. मी आयुष्यात पुष्कळ माणसं काम करताना पाहिली आहेत, पण अशी क्वचित. मोबाईल उलटा घालून ठेवलेला. चहा गार झाला तर गार प्यायली. एक ओळ वाचायची, मागे जायचं, ती ओळ कुणी बोलावली ते शोधायचं, पुन्हा पुढे. आमचे जुने फिटर पाईपवर हात फिरवत फिरवत गळती शोधायचे, तशी. मी काहीतरी निमित्त काढून पुन्हा पुन्हा खोलीत जात होतो, हे खरं आहे.

मंगळवारी दुपारी तिने मला हाक मारली. "भाऊ, तुम्ही शेतात दारं धरली आहेत का कधी?"

"मामाकडे धरली आहेत. उसाला."

"मग तुम्हाला लगेच कळेल. औंढ्याला आबा गव्हाला पाणी द्यायचे तेव्हा दारं धरायला मी. एक वाफा भरला की त्याचं दार बुजवायचं, मग पुढचं मोडायचं. चुकून सगळी दारं मोडून ठेवली तर पाणी शेजाऱ्याच्या कांद्यात. आबा म्हणायचे, पाण्याला डोळं नसत्यात, दार दिसलं की ते जातं." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "कॉम्प्युटरमध्येही अशी नंबर घातलेली दारं असतात. प्रत्येक दारामागे एकेक वस्तू ऐकत बसलेली. एका दारामागे चित्राचं कार्ड, एकामागे कीबोर्ड, आणि तुमच्याकडे एकामागे व्हॉल्व्हचं कार्ड. एरवी ही सगळी बंद असतात. साध्या प्रोग्रामला कुठल्याच दाराला हात लावता येत नाही. पण पडदा रंगवणाऱ्याला चित्राच्या कार्डाशी बोलायचं असतं, म्हणून तो उठल्या उठल्या मागणी करतो. ही बघा ती ओळ."

मी पाहिली. मला तिच्यातलं काही कळलं नाही, पण ओळ एकच होती.

"ही म्हणते, सगळी दारं उघडा. मला लागतील तेवढी नाही. सगळी. मग तो प्रत्येक वेळी उठताना दारोदार विचारत जातो, इथे एखादं जुनं चित्राचं कार्ड आहे का? विचारायचं म्हणजे दारात काहीतरी टाकायचं आणि उत्तराची वाट बघायची. तुमच्या व्हॉल्व्हच्या कार्डाला प्रश्न कळत नाही, त्याला फक्त हुकूम कळतो. दारात काही पडलं की ते व्हॉल्व्ह उघडतं."

"मग इतकी वर्षं पडदा झटकतोय, तेव्हा कसं नाही झालं?"

"टिक् होतच असणार. पण तुकडा जागेवर बसल्याशिवाय व्हॉल्व्हला वीजच जात नाही ना? तुम्हीच सांगितलंत. लोक तुकडा काढून पडदा झटकत होते. त्या दिवशी अनिताताईंनी तुकडा नेमका बसवला होता आणि हात अजून आत होता."

अनिताचा हात आत आणि राजेश्वरीची तीन बटणं, दोन्ही एका क्षणी. दोघींपैकी एकीनेही चूक केली नव्हती.

"गाढव होते का हे लिहिणारे?" मी म्हणालो.

पायल माझ्यावर भडकलीच. "अजिबात नाही! त्या काळी असंच चालायचं, प्रत्येक मशीन वेगळं, कुठलं कार्ड कुठे बसेल कुणाला ठाऊक नसायचं. आणि बघा तरी, किती नीट लिहिलंय. उघडायची ओळ जिथे आहे तिथेच शेजारी बंद करायचीही लिहून ठेवली आहे. माणूस जाताना कडी घालून जातो, तशी. फक्त पडदा चालू असेपर्यंत कुणी ती कडी लावत नाही." आणि मग हळूच म्हणाली, "न पाहिलेल्या लोकांनी न पाहिलेल्या यंत्रांसाठी हे फुकट लिहिलंय, भाऊ. मला त्यांचा आदर वाटतो. म्हणून तर दुरुस्तही त्यांच्याच पद्धतीने करायचं."

दुरुस्त कशाला, उद्या परवा भंगारात जाणार ना ते, असं मी विचारलं. त्यावर तिने जे सांगितलं ते ऐकून मी मनोमन हात जोडले. ती म्हणाली, "नुसता प्रेस खाली आला तर वरची माणसं म्हणतील, जुनं यंत्र, कशानेही आलं असेल. म्हणून सगळं तसंच ठेवायचं. तेच मशीन, तीच तीन बटणं, तोच तुकडा. बदलायची फक्त ही दारं उघडायची ओळ. तेवढ्याने प्रेस वर राहिला, तर दोष तिथेच होता. मग राजेश्वरीताईंकडे बोट दाखवायला कुणाला जागा राहत नाही." दोन दिवसांनी लोखंडाच्या भावाने जाणाऱ्या कॉम्प्युटरसाठी ही मुलगी असं काम करत होती, की जणू तो पुढची पन्नास वर्षं चालणार आहे.

तिने त्या एका ओळीच्या जागी सहा-सात लिहिल्या. चित्राच्या कार्डाची तेवढीच दारं उघडायची, काम झालं की बंद करायची. बाकीच्या कुठल्याही दाराला कुणी हात लावलाच, तर लिनक्स, म्हणजे त्या कॉम्प्युटरचा सगळा कारभार पाहणारी मूळ प्रणाली, त्या प्रोग्रामला जागीच आडवा करणार आणि कुठल्या ओळीवर पडला तेही सांगणार.

"म्हणजे पडदा पडेल?" मी विचारलं.

"पडदा पडेल. हात वाचेल."

बुधवारी दुपारी प्रज्ञेशसाहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मधे दोन प्रश्न विचारले, दोन्ही चांगले होते. मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मी हवा जोडली. राजेश्वरीला बोलावणं धाडलं होतं. ती आली, आणि तिच्या मागे चार हात अंतर ठेवून, हाताला पांढरी पट्टी, अनिताही आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

पायल म्हणाली, "राजेश्वरीताई, तुम्ही मशीनपासून लांब उभ्या राहा, हात सगळ्यांना दिसतील असे."

तेवढ्यात अनिता पुढे झाली. "दिसायचं काय त्यात? मी धरते हिचं हात. मंग माघारी कुनी काय म्हनाया नको." आवाजात माया नव्हती, हे स्पष्ट सांगतो. पोलिसाने धरावीत तशी तिने राजेश्वरीची दोन्ही मनगटं धरली.

मी ब्रॅकेट बसवला, लांब झालो आणि कीबोर्डवरची तीन बटणं दाबली. पडदा काळा झाला. आणि प्रेस खाली आला. कुणीही हिरव्या बटणांच्या जवळपास नव्हतं. हवा सुटल्याचा तो फस्स आवाज, लोखंडावर लोखंड बसल्याचा दणका, आणि राजेश्वरी डोळे घट्ट मिटून ओरडली, "अक्का, हात!"

अनिताचा हात कुठेही आत नव्हता. तो राजेश्वरीच्या मनगटावर होता.

पायलने शांतपणे आपला प्रोग्राम आत घातला. मी नवा ब्रॅकेट बसवला, पुन्हा तीच तीन बटणं दाबली. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. प्रेस वर, जिथल्या तिथे. खोक्यातून टिक्सुद्धा नाही. पायलने आपल्या लॅपटॉपवर दाखवलं, प्रोग्राम नेमका कुठल्या ओळीवर पडला ते. दारोदार विचारत फिरणारी तीच ती ओळ.

"जुना परत घाला," प्रज्ञेशसाहेब म्हणाले. घातला. प्रेस खाली आला. "आता तुमचा." प्रेस वर राहिला. त्यांनी हे आणखी एकदा करायला लावलं, आणि मला त्यांचं तेही आवडलं. मग पायलने दारोदार फिरायची ती विचारणाच काढून टाकली. आता बटणं दाबली तेव्हा पडदा काळा झाला, उठला, तुकड्याचं चित्र स्वच्छ दिसलं, आणि प्रेस जागचा हलला नाही.

मी खरंच टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. वाजवल्या तर वाजवल्या. इतकं सुंदर काम मी माझ्या नोकरीत पाहिलेलं नाही.

साहेब राजेश्वरीसमोर जाऊन उभे राहिले. "ताई, तुम्ही खरं तेच सांगितलं होतं. माझा प्रश्न अर्धा होता. उद्यापासून कामावर या, आणि चौकशीत काय लिहायचं ते मी सगळ्यांसमोर लिहीन."

राजेश्वरीने मान हलवली, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. ती खाली बघत होती. अनिताने तिची मनगटं अजून धरून ठेवली होती. पकड मघाचीच घट्ट होती, फक्त आता ती कैद्याला धरल्यासारखी राहिली नव्हती. उजव्या हाताच्या पट्टीवर लालसर डाग उमटू लागला होता.

"अक्का, सोडा," राजेश्वरी हळूच म्हणाली. "तुमच्या बोटाला लागंल."

"लागू दे," अनिता म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "लागलंय ते तुझ्या हातानं न्हाई, राजे."